चौदा तारखेचं शिफारसपत्र

१

"सही तुमच्या आईचीच आहे का?" प्रवेशाधिकारी बाईंनी विचारलं.

पत्राचा मजकूर त्यांनी एका कोऱ्या कागदानं झाकला होता. वर छापलेलं आईचं नाव, त्याखाली उजव्या बाजूला तारीख आणि अगदी तळाशी सही, एवढंच मला दिसत होतं. ती सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून बघत आले होते. शेवटचं अक्षर घाईला आल्यासारखं वर उडालेलं.

"तिचीच आहे," मी म्हटलं.

"आता तारीख वाचा."

या महिन्याची चौदा. आई तीन तारखेला गेली.

बाईंनी मला पाणी दिलं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, बोलण्यात सावध. समोर अर्जांच्या फायलींचे गठ्ठे होते आणि प्रत्येकात कुणाच्या तरी घरची झोप उडालेली होती. त्यांनी मला नियम समजावून सांगितले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलाखतीला बसायचं तर ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं त्यांचं शिफारसपत्र लागतं. ते डॉक्टरांनी स्वतः पोस्टानं पाठवायचं, उमेदवारानं बघायचंसुद्धा नाही. ते पंधरा ते अठरा या चार दिवसांतच पोचलं पाहिजे आणि मुलाखतीच्या दिवशी तीस दिवसांहून जुनं असता कामा नये.

"पत्र पंधराला पोचलं. लिफाफ्यावर चौदाचा शिक्का आहे. सगळं नियमात. फक्त लिहिणाऱ्या बाई हयात नाहीत. मला हे काल कळलं, वर्तमानपत्रातली जुनी बातमी समोर आली म्हणून." त्या थांबल्या. "उमेदवाराला तुम्ही ओळखता?"

ओळखत होते. आईच्या दवाखान्यात तीन वर्षं मदतनीस असलेली मुलगी. आपल्याहून मोठी खोकी उचलून चालते म्हणून आईनं तिला मुंगी नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

"तिची ही तिसरी आणि शेवटची संधी," बाई म्हणाल्या. "लेखी परीक्षेत उत्तम गुण आहेत. पण खोटा कागद सिद्ध झाला तर नाव कायमचं बाद. उद्या, एकवीसला, दुपारी चार वाजता मुलाखतीची यादी लागते. त्याआधी मला समितीला लिहून द्यायचंय."

"अक्षर तर आईचंच दिसतंय."

"हो का?" त्यांनी फायलीतून मुंगीचा स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज काढला, पत्राच्या तारखेशेजारी ठेवला आणि त्यावरच्या तारखेवर बोट टेकवलं.

दोन्ही कागद एकाच हातानं लिहिल्यासारखे होते.

२

याचं मला नवल वाटायला नको होतं. आईचे फाटके केसपेपर नव्या कागदावर उतरवून काढणं हे मुंगीचं रोजचं काम. तीन वर्षं दुसऱ्याचं अक्षर गिरवलं की ते हातात उतरणारच. आई कौतुकानं म्हणायची, "माझ्यापेक्षा माझं अक्षर हिला बरं जमतं. औषधवाल्याला वाचता येतं!"

मी वाचनालयात काम करते. माणसांपेक्षा पुस्तकांच्या नोंदी ठेवायला मला सोपं जातं. त्याच सवयीनं मी बसमध्ये बसून मनात नोंदी मांडल्या.

गेल्या महिन्याच्या सव्वीसला आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला. हे मला नंतर, तिच्या पर्समध्ये तो सापडला तेव्हा कळलं. पाकीट तिनं फोडलं होतं, कागद वाचून चारपदरी घडी घातली होती. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक दोन. कुणाला बोलली नाही. अठ्ठावीसला "जरा तपासण्या करून घेते, तीन-चार दिवसांत येते" असं मला फोनवर सांगून ती रुग्णालयात भरती झाली. मी पोचले तेव्हा ती बोलण्याच्या पलीकडे गेली होती. तो रिपोर्ट मी कुणाला दाखवला नव्हता. माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात तो अजून होता. का ठेवलाय असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

पाच तारखेला मी दवाखाना बंद केला. आईचे कंपाउंडर, ज्यांना मी जन्मापासून काका म्हणते, त्यांना बजावलं, "बंद म्हणजे बंद. आता आईच्या नावाचा एकही कागद इथून बाहेर जाता कामा नये. कायद्याचं काम आहे." काकांनी मान खाली घालून "बरं ताई" म्हटलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. आईची किल्ली पर्समध्ये होतीच. तिसरी मुंगीकडे. ती मागायचं राहून गेलं.

मी थेट दवाखान्यावर गेले. शटर खाली होतं, कुलूप जागेवर. समोरचा शिंपी गळ्यात टेप अडकवून बाहेर आला.

"ताई, दवाखाना परत चालू केलात होय? बरं झालं."

"नाही हो. बंदच आहे."

"मग रोज सकाळी सातला शटर कोण वर करतंय?" त्यानं टेपचं टोक ओढलं. "माझं तोंड मशिनीकडे असतं, आवाज तेवढा येतो. पाच मिनिटं वर, की परत खाली. मी बायकोला म्हटलंसुद्धा, बाईंचा जीव दवाखान्यातच अडकलाय."

माझा भुतांवर विश्वास नाही. किल्ल्यांवर आहे. तीनपैकी दोन माझ्याकडे होत्या.

३

मुंगी भाड्याच्या एका खोलीत राहायची. मी गेले तेव्हा ती मुलाखतीसाठीच्या कुडत्याला इस्त्री करत होती. मला बघून तिनं इस्त्री उभी केली, एकुलती खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर टेकली.

मी सगळं सरळ सांगितलं. पत्र, तारीख, अक्षर.

"मी नाही लिहिलं, ताई."

"मग कुणी लिहिलं?"

"बाईंनी लिहिलं असेल तर मला माहीत नाही. मी मागितलंच नव्हतं."

"का? तीन वर्षं काम केलंस ना तिच्याकडे?"

"लाज वाटली. माझा लेखीचा निकाल लागला ना, सव्वीसला, त्या दिवशी सकाळी मी फार उड्या मारत होते. बाई दमलेल्या दिसल्या म्हणून मी शहाणपणानं त्यांची खालची पापणी ओढून बघितली. पांढरी दिसली मला. म्हटलं, बाई, रक्त सातच्या खाली असेल, तपासून घ्या. तर त्या हसल्या. म्हणाल्या, अकरा आहे माझं. निकाल लागला म्हणून लगेच डॉक्टर होत नाही माणूस, अजून खूप शिकायचंय." तिनं वर बघितलं. "मग कुठल्या तोंडानं पत्र मागणार? दुसऱ्या दिवशी मागू म्हटलं. मग त्या रुग्णालयात गेल्या."

"मग पत्राशिवाय अर्ज भरलास?"

"डॉक्टर म्हणून बाईंचं नाव आधीच लिहिलेलं होतं. बदलायची मुदत गेली होती. महाविद्यालयानं पत्र पोचल्याचं कळवलं तेव्हा मला वाटलं, तुम्हीच बाईंच्या कागदांत सापडलेलं पाठवलंत. आभार मानायला येणार होते."

मला तिचं पटत होतं, म्हणूनच पुढचा प्रश्न विचारणं जड गेलं.

"मुंगी, दवाखान्याची किल्ली कुठाय?"

ती उठून कुडत्याकडे वळली.

"तुझ्याकडची किल्ली. दाखव."

"हरवली."

"कधी?"

"आठवत नाही."

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोललं की कळतं. ती कुडत्याची बाही सरळ करत होती, जी आधीच सरळ होती.

"अगं, उद्या चारला यादी आहे. तुझं आयुष्य त्या कागदावर आहे. कुणाला पाठीशी घालतेयस?"

"तुम्हाला जे लिहून द्यायचंय ते द्या ताई," ती म्हणाली. "किल्ली हरवली."

४

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी शिंप्याच्या दुकानात, टांगलेल्या कोटांच्या मागे उभी होते. शिंपी खूश होता. "खाई त्याला खवखवे, ताई," तो कुजबुजला. "येणारच बघा."

सातला दोन मिनिटं असताना काका आले. धुतलेला सदरा, खिशाला पेन, जसे पस्तीस वर्षं यायचे तसे. त्यांनी इकडेतिकडे न बघता खिशातून किल्ली काढली आणि शटर वर केलं.

मी रस्ता ओलांडणार तोच कडेवर सहा महिन्यांचं बाळ घेतलेली एक बाई माझ्याआधी दारात पोचली. तिच्या हातात पोस्टकार्ड होतं.

"बाई आल्यात का? आज डोसाला बोलावलंय."

काकांनी तोंड उघडलं, मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

मी त्या बाईकडून कार्ड मागून घेतलं. 'बाळाला एकवीस तारखेला लशीसाठी आणावे. ताप असल्यास आणू नये, आधी कळवावे.' खाली आईची सही. वर तारीख, या महिन्याची सोळा.

तीन तारखेला गेलेल्या आईनं सोळाला एका बाळाला बोलावलं होतं.

"काका," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"आधी हिला पोचवतो," ते म्हणाले. "कोपऱ्यावरच्या बालरुग्णालयात मोफत देतात. मी रोज तेच करतो, ताई. कार्ड बघून लोक इथे येतात, बिचाऱ्यांना कुठे माहीत असतं? मी त्यांना तिकडे नेऊन सोडतो. आलोच. मग तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

ते परत येईपर्यंत मी आत गेले. औषधांचा तो वास. तपासणीचं टेबल, त्यावर घडी घातलेली चादर. भिंतीला लावलेली लाकडी पेटी, एकतीस खणांची, प्रत्येकावर एक आकडा. लहानपणी मी तिच्यात भातुकलीची पत्रं टाकायचे. ती कशासाठी आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

काका आले आणि तपासणीच्या टेबलाला टेकून उभे राहिले. आईच्या खुर्चीत ते बसले नाहीत.

"ही आठवणीची पेटी," ते म्हणाले. "लशीचे डोस, साखरेची तपासणी, टाके काढायचे. कार्ड ज्या दिवशी टाकायचं त्या दिवसाच्या खणात बाई आधीच लिहून ठेवायच्या. मी सकाळी त्या तारखेचा खण रिकामा करायचा आणि पोस्टात टाकायचा. पस्तीस वर्षं."

"पण वरची तारीख?"

"ती टाकण्याची असते ताई, लिहिण्याची नव्हे. बाई म्हणायच्या, कार्ड हातात पडलं की माणसाला वाटलं पाहिजे, काल डॉक्टरला माझी आठवण झाली."

वाचनालयात रोज शंभर पुस्तकांवर मी परतीची, म्हणजे अजून न उजाडलेली तारीख मारते. तरी कागदावरची तारीख तो लिहिल्याचीच असणार असं मी धरून चालले होते. प्रवेशाधिकारी बाईही तसंच धरून चालल्या होत्या.

"चौदाच्या खणात लिफाफा होता का?"

"होता एक मोठा. पत्ता वाचला नाही. बाई ओरडायच्या, वाचत बसलात तर टपाल निघून जाईल."

"आणि ही किल्ली मुंगीची."

"मीच मागितली तिच्याकडे. माझी तुम्ही घेतलीत ना. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली तिला." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही कायद्याचं बोललात, मी घाबरलो. पण ताई, बाई गेल्या म्हणून धनुर्वात थांबणार आहे का? खणात कार्ड दिसत असताना ते तसंच कसं ठेवायचं?"

मला रागवायचं होतं. जमलं नाही.

मी पेटीकडे वळले. बावीस, तेवीस, चोवीस, सव्वीस, सत्तावीस. या खणांत अजून कार्डं होती.

"आई एवढं पुढचं लिहून ठेवायची?"

"छे. दर शनिवारी पुढच्या आठवड्याचं. गेल्या महिन्याच्या सत्तावीसला मात्र दिवसभर बसून सगळे खण भरले. मी म्हटलं, बाई, एवढी घाई कसली? तर म्हणाल्या, हात चालतोय तोवर लिहिते."

तीन-चार दिवसांसाठी जाणारं माणूस महिन्याचे खण भरत नाही. मी ती कार्डं हलकेच बाहेर काढली.

"एक अडचण आहे, काका," मी म्हटलं. "मुंगीचं अक्षर."

५

अडचण प्रवेशाधिकारी बाईंनाही लगेच दिसली.

"आज एकवीस," त्या एकेक कार्ड बघत म्हणाल्या. "आणि ही बावीस ते सत्तावीसची. म्हणजे तुमच्या आई पुढची तारीख घालत होत्या, हे मला पटलं. पत्र पेटीतून गेलं, हेही पटलं. पण समितीत तिघं जण आहेत. त्यांतला एक तरी म्हणेल, मुलीकडे किल्ली होती, अक्षर तेच, पेटीची पद्धत तिला ठाऊक. बाई गेल्यावर तिनंच पत्र लिहून चौदाच्या खणात टाकलं. कंपाउंडर न वाचता टाकतात हेही तिला ठाऊक. मी काय उत्तर देऊ?"

मी याचाच विचार करत आले होते. "पत्रात असं काही आहे का, जे मुंगीला माहीत असणं शक्यच नाही?"

"पत्र गोपनीय असतं."

"मला दाखवू नका. तुम्ही बघा."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला आणि पत्र वाचायला घेतलं. पानाच्या मधोमध त्यांची नजर थांबली, मागे गेली, परत त्याच ओळीवर आली.

"इथे एक आकडा आहे," त्या म्हणाल्या. "खरा की खोटा, मला कळायला मार्ग नाही. गोपनीयतेचा नियम उमेदवारासाठी आहे. तुम्ही उमेदवार नाही. ऐका."

त्यांनी हळू वाचलं.

"'काल सकाळी हिनं माझी पापणी बघून सांगितलं, बाई, रक्त सातच्या खाली असेल. मी तिला अकरा सांगितलं आणि अजून शिकायला हवं म्हणाले. संध्याकाळी रिपोर्ट आला. सहा पूर्णांक दोन. मी खोटं बोलले, तिचं बरोबर होतं. तिला हे कळलं तर ती माझ्या मुलीला कळवेल, आणि मुलीला इतक्यात काही कळू नये अशी माझी इच्छा आहे. म्हणून तिला न सांगता तुम्हाला सांगते. जिच्या डोळ्यांना हे दिसतं, तिला तुम्ही बाहेर ठेवू नये.'"

पंख्याखाली फायलींचे कोपरे फडफडत होते. मी बॅगेचा आतला कप्पा उघडला. चेन अडकली, दुसऱ्या झटक्याला सुटली. चारपदरी घडी मी टेबलावर उलगडून ठेवली.

आईचं नाव. सव्वीस तारीख, संध्याकाळी सहा. सहा पूर्णांक दोन.

"हा कुणी कुणी बघितलाय?" बाईंनी विचारलं.

"आईनं. तिच्या पर्समध्ये होता, रुग्णालयातून पर्स माझ्याकडे आली. मग मी बघितला. आता तुम्ही. मुंगीला आजही वाटतंय की तिचं चुकलं होतं. तिनं हे पत्र लिहिलं असतं तर आकडा अकरा असता, किंवा नसताच. आणि 'काल' म्हणजे सव्वीस, म्हणजे पत्र सत्तावीसचं. उद्या मुलाखत. तीस दिवस होत नाहीत."

बाईंनी रिपोर्ट आणि पत्र शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. मग कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"वरची तारीख मात्र खरी नाही. समितीला ते सांगावं लागेल, आणि घरच्या माणसानं लिहून द्यावं लागेल. चालेल? डॉक्टरांच्या नावाला जरासा डाग लागेल."

"लागू दे," मी म्हटलं आणि पेन मागितलं.

६

चारला महाविद्यालयाच्या फलकापुढे गर्दी झाली. काका गर्दीत शिरले नाहीत. मुंगी तर पार फाटकाशी उभी होती.

"ताई, तुम्ही बघा. माझा चष्मा घरी राहिलाय."

"तू चष्मा कधीपासून लावतेस?"

"नाही लावत. तुम्ही बघा."

सतरावं नाव तिचं होतं. मी मागे वळून मान हलवली. ती तिथेच फाटकाच्या कठड्यावर बसली. काका मात्र तोंडावर रुमाल धरून ओरडले, "उठ, मुंगे! कुडता चुरगाळेल!" तो कुडता तिनं अजून घातलाही नव्हता.

प्रवेश मिळाल्याचं पत्र तिला आठ दिवसांनी आलं, आणि त्या दिवशी मी तिला रिपोर्टचं सांगितलं. ती रडली आणि मग माझ्यावरच चिडली, आधी का नाही सांगितलं म्हणून. पण मला जास्त आठवतो तो मुलाखतीचा दिवस, जेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

मी बाहेरच्या बाकावर होते. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. तळव्यांचा घाम ओढणीला पुसत होती.

"काय विचारलं?"

"शास्त्राचं फार नाही. एकच लांबलं. पेशंट म्हणाला, माझ्या घरी सांगू नका, तर काय कराल?"

"मग?"

"म्हटलं, नाही सांगणार. त्याचा हक्क आहे. मग ते म्हणाले, पेशंट गेला आणि त्याच्या मुलीनं येऊन जाब विचारला तर?" तिनं माझ्याकडे बघणं टाळलं. तिला काही ठाऊक नव्हतं. तरी बघणं टाळलं. "म्हटलं, ऐकून घेईन. ती जितका वेळ बोलेल तितका वेळ. ती म्हणाली की तुम्ही चुकलात, तर वाद घालणार नाही."

"आणि ती काहीच बोलली नाही तर?"

"हेच विचारलं त्यांनी!" ती चकित होऊन म्हणाली. "म्हटलं, मग तिच्याजवळ बसेन. पुढे काही सुचलंच नाही, ताई. घंटा झाली. फारच साधं उत्तर झालं ना?"

बाकावर माझ्या शेजारी माझी बॅग होती. ती मी उचलून खाली ठेवली.

"बस," मी म्हटलं.

ती बसली.